सेल्फ फिरतो, इंजिन चालू होत नाही

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला हवा, इंधन, दाब आणि ठिणगी या चार गोष्टी लागतात, असे मोटारदुरुस्ती शिकणाऱ्याला पहिल्या धड्यातच सांगितले जाते. या चारांच्या जोडीला पाचवी गोष्ट, म्हणजे अचूक वेळ, गृहीतच धरलेली असते. कारण ठिणगी कितीही जोरदार असली, तरी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी ती पडली नाही, तर इंधन वाया जाते, इंजिन झटके खाते किंवा मुळात सुरूच होत नाही. पिस्टनची वरखाली होणारी हालचाल ज्या वाकड्या दांड्यामुळे गोल फिरण्यात बदलते, त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात आणि सिलिंडरच्या झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन हे चार टप्पे पूर्ण होईपर्यंत क्रँकशाफ्टचे २ फेरे, म्हणजे ७२० अंश, होतात आणि कॅमशाफ्टचा १ फेरा होतो. या साध्या गुणोत्तरातच एक अडचण दडलेली आहे. पिस्टन वर पोहोचला आहे एवढे समजून भागत नाही, कारण ७२० अंशांत तो दोनदा वर येतो, एकदा संपीडनाच्या शेवटी आणि एकदा उत्सर्जनाच्या शेवटी; ठिणगीचा उपयोग फक्त पहिल्या वेळी असतो. म्हणून आजच्या मोटारीत स्थिती सांगणारे दोन सेन्सर असतात. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर पिस्टन कुठे आहे ते सांगतो आणि कॅमशाफ्टजवळचा सेन्सर तो कोणत्या टप्प्यात आहे ते सांगतो.

अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि कार्बुरेटरची मारुती ८०० या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटर करीत असे. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्याच गतीने फिरत असल्यामुळे वेळेचा हिशेब दातेरी चाकांच्या जुळणीतच बांधलेला असे. आतले पॉइंट उघडले की कॉइलमधून ठिणगी निघे आणि मेस्त्री फीलर गेज घालून पॉइंटमधले अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असलेले अंतर ठरवीत असे. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपरने घासायचे, कंडेन्सर गेला तर बदलायचा आणि डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवून इंजिनाचा आवाज कानाने जुळवायचा, ही त्या काळची विद्या होती. ती हातात आणि कानात असे, त्यामुळे दोष कुठे आहे हे डोळ्यांना दिसत असे.

हे चित्र बदलले ते प्रामुख्याने प्रदूषणाच्या नियमांमुळे. १ एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेल्या पहिल्या टप्प्याच्या मानकांनंतर कार्बुरेटरच्या जागी इंधन फवारणारी इंजिने आली. १९९८मध्ये बाजारात आलेल्या सँट्रो आणि मॅटिझ या गाड्या तर सुरुवातीपासूनच तशा होत्या. याच मानकांचे पुढचे टप्पे, म्हणजे भारत स्टेज ४ हे देशभर १ एप्रिल २०१७ रोजी आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० रोजी लागू झाले. गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः ओळखून नोंदवला पाहिजे, ही अटही याच मानकांत टप्प्याटप्प्याने आली. पुण्यात १९६६मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत ज्या चाचण्या होतात, त्यांत धुरातले घटक फारच बारकाईने मोजले जातात आणि ती बारकाई हाताने फिरवलेल्या डिस्ट्रिब्युटरला साधणारी नव्हती.

गोव्याच्या खाणपट्ट्यात हा बदल थोडा उशिरा आणि एकदम जाणवला. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत पिसुर्ले, होंडा परिसरातून खनिज वाहणारे जुने टिपर यांत्रिक इंधनपंपावर चालत. त्यांत विजेच्या सेन्सरचा प्रश्नच येत नसे, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या अनेक मेस्त्र्यांची घडण नोझल, पंप आणि क्लच यांवर झाली. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये खाणी बंद पडल्या आणि टिपर उभे राहिले. त्याच काळात, पुण्याजवळच्या रांजणगावला बनत असलेल्या १.३ लिटरच्या इंजिनासारखी कॉमन रेल डिझेल इंजिने छोट्या मोटारींत सर्रास दिसू लागली आणि त्या इंजिनांचा प्रत्येक इंजेक्टर गाडीतल्या संगणकाच्या हुकमावर, क्रँकशाफ्टच्या सेन्सरने दिलेल्या वेळेनुसार उघडतो. तत्त्व मात्र मेस्त्र्यांना अगदी अनोळखी नव्हते. सीडीआय पद्धतीच्या स्कूटर-मोटरसायकलींत ‘पिकअप कॉइल’ नावाची जी वस्तू असते आणि जी गेली की प्लगला ठिणगी येत नाही, तीही हेच काम करणारा साधा स्थिती-सेन्सरच आहे.

क्रँकशाफ्टला जोडलेले एक दातेरी चाक सेन्सरसमोरून फिरते. बऱ्याच इंजिनांत या चाकावर ६० दातांची जागा असते, पण त्यातले २ दात मुद्दाम वगळलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात ५८ दात राहतात. प्रत्येक दात ६ अंशांचा. जपमाळेत मेरुमणी बोटाला लागला की एक फेरा पूर्ण झाला हे न मोजताही कळते, तसे या रिकाम्या जागेमुळे संगणकाला फेऱ्याचा आरंभ सापडतो. तिथून पुढे तो दात मोजत जातो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारीत असेल, तर सेन्सरसमोरून सेकंदाला २,९०० दात जातात आणि दोन दातांमधला काळ एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. या लयीतले सूक्ष्म चढउतारही वाया जात नाहीत. एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट झाला नाही, तर त्या क्षणी क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो, पुढचा दात थोडा उशिरा येतो आणि त्यावरूनच संगणक ‘इंजिन मिसिंग करते आहे’ अशी नोंद करतो. चाकाचा एखादा दात वाकलेला असला, तरी नेमकी हीच नोंद होते आणि मग प्लग, कॉइल, इंजेक्टर असे सगळे बदलूनही तक्रार तशीच राहते.

सेन्सर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. लोखंडी दात जवळ आला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि मायकेल फॅरेडे याने १८३१मध्ये दाखवलेल्या प्रेरणेच्या नियमानुसार तारेत वीज उत्पन्न होते. या सेन्सरला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, पण त्याचा संकेत वेगावर अवलंबून असतो. सेल्फने इंजिन हळू फिरत असताना तो अगदी दुबळा असतो, म्हणून बॅटरी उतरलेली असली, की चांगला सेन्सरही निकामी वाटू शकतो. दुसरी जात हॉल परिणामावर चालते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना एडविन हॉल याला १८७९मध्ये असे आढळले, की वीज वाहत असलेल्या पातळ धातूपट्टीवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, की पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. हॉल सेन्सरमध्ये याच दाबाचे रूपांतर शून्य आणि ५ व्होल्ट अशा स्वच्छ उघडझापीत केले जाते. त्याला वीजपुरवठा, अर्थिंग आणि संकेत अशा तीन तारा लागतात. तारा मोजून जात ओळखण्याची सवय मात्र फसवी असते, कारण पहिल्या जातीच्या काही सेन्सरनाही दोन तारांबरोबर संरक्षक जाळीची तिसरी तार असते. नवीन इंजिनांपैकी काहींत दातेरी चाकाऐवजी चुंबकित कडे बसवलेले असते. अशा कड्याजवळ नट उचलण्याचा चुंबकी दांडा नेला, तर कड्यावरची चुंबकीय रचना बिघडू शकते.

सेन्सरचे काम ठिणगीपुरते मर्यादित नसल्यामुळे त्याच्या बिघाडाची लक्षणे गोंधळात टाकतात. किल्ली फिरवल्यावर इंधनपंप साधारण दोन सेकंद चालून थांबतो आणि क्रँकशाफ्टकडून दातांचा संकेत आला तरच पुन्हा सुरू होतो. अपघातात इंजिन बंद पडले, तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. याचा परिणाम असा, की क्रँक सेन्सर गेला तर एकाच वेळी ठिणगीही नसते आणि पेट्रोलही नसते. मग मालकाला पंप गेल्याची, मेस्त्रीला कॉइल गेल्याची शंका येते. अशा वेळी एक खूण सहज पाहण्यासारखी आहे: सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर संशय क्रँक सेन्सरच्या बाजूला झुकतो. सेल्फच फिरत नसेल, तर गोष्ट वेगळी; तिथे बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फ मोटार आधी पाहायची असते. कॅम सेन्सर गेल्यास बरीच इंजिने नेहमीपेक्षा जास्त वेळ सेल्फ मारल्यावर का होईना, सुरू होतात, कारण टप्पा ठाऊक नसला तरी संगणक अंदाजाने किंवा सिलिंडरच्या जोड्यांना एकत्र इंधन देऊन काम चालवू शकतो. क्रँक सेन्सरच्या बाबतीत अशी सवलत फार थोड्या इंजिनांत असते.

सर्वांत त्रासदायक बिघाड उष्णतेचा. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी गाडी वळणावळणांवर खालच्या गिअरमध्ये राहते. हा रस्ता सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत जातो, त्यामुळे इंजिनाच्या खोलीतले तापमान वाढत जाते आणि वर पोहोचून गाडी उभी केली, की हवेचा झोत थांबल्यामुळे ते आणखी चढते. सेन्सरच्या आतली बारीक तार जर आधीच कुठे तरी तडकलेली असेल, तर तिच्याभोवतीचा रेझिन फुगल्यावर ती टोके एकमेकांपासून दूर होतात आणि संकेत तुटतो. अर्ध्या-पाऊण तासाने सगळे थंड झाले, की टोके पुन्हा टेकतात आणि गाडी काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते. घाटावरून उतरून ती गॅरेजमध्ये येईपर्यंत दोष लपलेला असतो. ‘काहीच सापडले नाही’ असे सांगून गाडी परत दिली जाते आणि पुढच्या चढावर ती पुन्हा बंद पडते. असा दोष गरम अवस्थेतच पकडावा लागतो. केस वाळवायच्या यंत्राने सेन्सर तापवून संकेत तुटतो का ते पाहणे, किंवा बंद पडलेल्या गाडीच्या सेन्सरवर ओले फडके ठेवून ती लगेच सुरू होते का ते पाहणे, हे त्याचे सोपे उपाय आहेत.

वाळपईच्या परिसरात उष्णतेइतकाच पाऊसही कारणीभूत ठरतो. म्हादईच्या खोऱ्यातले आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे हे गाव गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते. येथील वार्षिक पाऊस ३ हजार मिलिमीटरच्या बराच वर जातो. जून ते सप्टेंबर या काळात सेन्सरच्या तारा जोडणाऱ्या कपलरमध्ये ओल शिरते, रबरी सील कडक झालेले असले तर ती आतच राहते आणि तांब्याच्या पिनांवर हिरवट कळंक चढतो. पिन वरवर जोडलेली दिसते, पण मधला विरोध इतका वाढतो, की पहिल्या जातीच्या सेन्सरचा दुबळा संकेत संगणकापर्यंत पोहोचतच नाही. याच दिवसांत उबेसाठी उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. अशा गाडीत नवा सेन्सर बसवला, तर दोन दिवस सुधारणा झाल्याचा भास होतो, कारण सेन्सर काढताना-घालताना कपलर हलतो, पिना घासल्या जातात आणि जोडणी तात्पुरती सुधारते. बिघाड वायरिंगमध्ये, खर्च सेन्सरवर आणि श्रेय नव्या भागाला, असा हा उलटा हिशेब आहे. सेन्सर बदलण्याच्या बऱ्याच चुका अशाच होत असाव्यात, असे म्हणायला हरकत नाही.

खाणपट्ट्यात एक समज ऐकू येतो, की लोहखनिजाची धूळ सेन्सरच्या चुंबकाला चिकटते आणि सेन्सर आंधळा होतो. त्यात तथ्य थोडे आणि तर्क फार आहे. गोव्याचे खनिज मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे लाल फेरिक ऑक्साइड, आहे आणि ते चुंबकाकडे फारच क्षीणपणे ओढले जाते; जोरदार ओढला जाणारा मॅग्नेटाइट येथल्या काही खडकांत सापडतो, पण रस्त्यावरच्या लाल धुळीचा तो मुख्य घटक नव्हे. काढलेल्या सेन्सरच्या टोकावर जी काळी, मिशीसारखी उभी राहिलेली भुकटी दिसते, ती बहुधा इंजिनाच्या आतलीच असते: सेन्सर फ्लायव्हीलजवळ असेल तर सेल्फचे पिनियन आणि रिंग गिअर घासून निघालेले पोलादाचे कण, सेन्सर इंजिनाच्या तेलात डोकावत असेल तर झिजलेल्या भागांचा चुरा. ही भुकटी पुसून काढली तरी ती आली कुठून हा प्रश्न उरतोच. तिचे प्रमाण जास्त असेल, तर सेन्सरपेक्षा रिंग गिअर किंवा बेअरिंगकडे लक्ष देण्याची गरज असते. लाल धुळीचा खरा उपद्रव वेगळाच आहे. कपलरवर बसलेला तिचा थर पावसात भिजतो, ओल धरून ठेवतो आणि कळंक लवकर चढतो.

गाडीच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, की बिघाडाचे संकेतांक दिसतात. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी आहे, पी ०३३६ त्याच्या संकेतातील अनियमिततेसाठी, पी ०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटसाठी आणि पी ०३४१ कॅमच्या संकेतातील विसंगतीसाठी. इथे ‘सर्किट’ हा शब्द नीट वाचायला हवा. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, तारा, अर्थिंग आणि संगणकातला भाग असे सगळे मिळून. त्यातला कोणता दुवा तुटला ते संकेतांक सांगत नाही. उलट कधी कधी सेन्सर पूर्ण मेलेला असूनही संकेतांक उमटत नाही, कारण दातांचा संकेतच आला नाही तर इंजिन फिरते आहे हेही संगणकाला कळत नाही आणि थांबलेल्या इंजिनाबद्दल त्याची काही तक्रार नसते. एकाच वेळी तीन-चार निरनिराळ्या सेन्सरचे संकेतांक आले, तर सगळे एकदम गेले असे समजण्यापेक्षा त्यांना वीज पुरवणारी ५ व्होल्टची सामायिक तार किंवा सामायिक अर्थिंग तपासावे. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो आपल्याबरोबर इतरांनाही खाली ओढतो.

संकेतांकानंतर मल्टिमीटरची पाळी येते. आधी बॅटरी: स्थिर अवस्थेत साधारण १२.५ व्होल्ट आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली न जाणे, एवढी खात्री झाल्याशिवाय पुढची मोजमापे विश्वासार्ह ठरत नाहीत. पहिल्या जातीच्या सेन्सरचा विरोध सामान्यतः काहीशे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा लागतो. अनंत विरोध आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट झालेली. पण थंड सेन्सरचा विरोध बरोबर आला म्हणजे सेन्सर निर्दोष, असा निष्कर्ष वर सांगितलेल्या उष्णतेच्या दोषामुळे काढता येत नाही. सेल्फ मारताना याच दोन तारांवर एसी व्होल्टच्या पट्टीत काही दशांश ते एखाद व्होल्ट दिसायला हवा. हॉल सेन्सरला ओहम मोजण्याची चाचणी लावू नये, कारण आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाबद्दल ती काहीच उपयुक्त सांगत नाही. तिथे इग्निशन ऑन करून कपलरमध्ये पुरवठा आणि अर्थिंग येते का ते पाहायचे आणि कपलर जोडलेला असताना, पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँकशाफ्ट हळूहळू फिरवत, संकेताच्या तारेवरचा दाब शून्य आणि ५ असा वरखाली होतो का ते पाहायचे. ही चाचणी दोन माणसांची आहे, वेळखाऊ आहे आणि तिच्यात खर्च जवळजवळ शून्य आहे. ऑसिलोस्कोप असेल तर दातांच्या लाटा आणि मधली रिकामी जागा पडद्यावर दिसते, तुटका दातही दिसतो. पण तालुक्याच्या ठिकाणी तो सगळीकडे असेल अशी अपेक्षा करता येत नाही. संगणकाच्या तारांवर जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्टर मात्र लावू नये. तो जेवढी वीज ओढतो तेवढी पेलण्याची त्या सर्किटची तयारी नसते.

पी ००१६ या संकेतांकाला वेगळी वागणूक द्यावी लागते. तो सांगतो, की क्रँक आणि कॅम या दोघांचेही संकेत येत आहेत, पण त्यांचा परस्परमेळ बसत नाही. याचे नेहमीचे कारण सेन्सर नसून ताणलेली टायमिंग चेन, सैल टेन्शनर किंवा एखादा दात सरकलेला टायमिंग बेल्ट हे असते. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करताना साखळीचा खडखडाट ऐकू येत असेल, तर हा संशय बळावतो. अशा वेळी दोन्ही सेन्सर बदलून संकेतांक पुसणे, म्हणजे खरे सांगणाऱ्यालाच बाहेर काढणे होय. साखळी आणखी सरकली, तर अनेक इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात आणि खर्च सेन्सरच्या कित्येक पटींनी वाढतो.

बदलण्याचे काम तपासणीच्या मानाने सोपे आहे. इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवतात, सेन्सरभोवतीची माती ब्रशने किंवा हवेच्या झोताने साफ करतात, नाही तर सेन्सर काढल्यावर तीच माती भोकातून इंजिनात पडते. कपलरचे लॉक दाबून तो सोडवला, की बहुतेक गाड्यांत एकच बोल्ट उरतो, ज्याला दहाचा पाना लागतो. जुना सेन्सर ओ-रिंगमुळे घट्ट बसलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवत वर ओढावा, कारण प्लॅस्टिकचे टोक तुटून आत राहिले, तर पाच मिनिटांच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येऊ शकते. सेन्सर निघाल्यावर त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात दातेरी चाक पूर्ण एक फेरा फिरवून पाहावे. ही संधी पुन्हा मिळत नाही आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. नव्या सेन्सरची लांबी, टोकाचा आकार आणि कपलरच्या पिना जुन्याशी ताडून पाहाव्यात. दातापासून सेन्सरचे अंतर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असते, त्यामुळे दिसायला सारखा पण एखाद मिलिमीटर आखूड असलेला स्वस्त भाग बसतो खरा, पण सेल्फच्या मंद गतीला त्याचा संकेत पुरत नाही. ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावून सेन्सर हाताने पूर्ण बसवावा आणि मगच बोल्ट आवळावा. बोल्टने ओढून बसवला तर कान तुटतो. ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराएवढे आवळणे, सामान्यतः पुरेसे असते. पहिल्या जातीच्या सेन्सरच्या तारा कापून जोडाव्या लागल्या, तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये, कारण लाट उलटी होते आणि संगणक दाताची कड चुकीच्या जागी वाचतो. तार सायलेन्सरच्या गरम भागापासून दूर, जुन्याच क्लिपांतून न्यावी. काही गाड्यांत यानंतर स्कॅनरवरून संगणकाला नव्या सेन्सरची ओळख शिकवावी लागते. ती शिकवली नाही, तर गाडी चालते, पण मिसिंगच्या खोट्या नोंदी येत राहतात.

संकेतांक पुसून गाडी गॅरेजच्या दारात सुरू झाली, एवढ्यावर दुरुस्ती पूर्ण झाली असे धरण्याची प्रथा आहे आणि उष्णतेच्या दोषाच्या बाबतीत ती चुकीची आहे. गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून, चढावर नेऊन, पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवून पुन्हा सुरू करून पाहणे हीच खरी चाचणी; वाळपईच्या गाडीसाठी केरीपासून चोर्ल्यापर्यंतचा चढ त्यासाठी पुरेसा आहे. गाडीच्या मालकाने बिल चुकते करण्यापूर्वी जुना सेन्सर परत मागावा, तो गरम असताना मोजला होता की थंड, हे विचारावे, कपलरच्या पिना उघडून दाखवायला सांगाव्यात आणि शक्यतो ही सगळी कामे मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, उरकून घ्यावीत.